काचेवरची टिकली

"वैनी, आता एकच राहिलंय. इंजिन उघडून आत जाऊन बसा."

बशीरभाई गाडीच्या खालून बोलत होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते आणि त्यातल्या एका पायातल्या चपलेशी आमची दोन वर्षांची मनू खेळत होती. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून सीटबेल्ट ओढत होते. शेवटपर्यंत ओढायचा, अगदी तळातला पट्टा बाहेर येईपर्यंत. मग दोन्ही बाजूंनी बघायचा. मग हुंगायचा.

"कसला वास येतोय?" श्रीरंगनं खिडकीतून विचारलं.

"कसलाच नाही."

"अरेरे," तो म्हणाला. "वाईट झालं."

ही बारावी गाडी होती.

पहिल्या गाडीच्या वेळी मला कुणी हसलं नव्हतं. पूर येऊन गेल्यानंतरची ती वर्षं होती, आणि सांगलीत जुनी गाडी घ्यायची म्हणजे ती पाण्यात बुडालेली नाही ना, ही पहिली धास्ती. ती पहिली गाडी नव्या नवरीसारखी चकाकत होती. श्रीरंगनं मनातल्या मनात तिला हारसुद्धा घातला होता. मी सहज मागचा पट्टा ओढला, तर तळाशी वीतभर मातकट रेघ. गाळाची. बशीरभाई तीस वर्षं मिरजेत गाड्या दुरुस्त करत होते, पण त्यांनीही कानाला हात लावला. "वैनी, तुमी आमच्या ग्यारेजला या," असं म्हणाले. त्या दिवशी मला जो मान मिळाला, तो मी पुढच्या दहा गाड्या पुरवून पुरवून वापरला. एका गाडीचा हॉर्न मला चिडका वाटला. एकीचा रंग संध्याकाळी दिसणार नाही असा होता. एकीचं सगळं ठीक होतं, त्याचाच मला संशय आला.

घरी सासूबाई म्हणायच्या, "आमच्या श्रीरंगला पसंत करायला तुला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा पोहे खाण्यात गेली. त्याला नाही कधी असं खालून वाकून बघितलंस!"

पण आता हसण्याचे दिवस संपत आले होते. मे महिन्याची सव्वीस तारीख होती. मी तासगावच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि मनूच्या वेळी घेतलेली बिनपगारी रजा संपत होती. पंधरा जूनला हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल, असं प्राचार्यांनी कळवलं होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना मनूमागं धावणं झेपणारं नव्हतं. माझी आई वाटेतच, कवठे एकंदला राहायची, पण तिचं घर मळ्यात, फाट्यापासून चांगलं दोन किलोमीटर आत. एका खांद्यावर मूल, दुसऱ्यावर पिशवी, एसटीतून उतरून ते दोन किलोमीटर, परत फाट्यावर, परत एसटी, आणि साडेदहाचा तास. रजेतच दोन दिवस तसं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी मनूला ताप भरला. म्हणजे गाडी हवी. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं. आणि आमच्याकडे होते सव्वा लाख, त्यातच विमा आणि नावावर करायचा खर्च.

या बाराव्या गाडीच्या मालकीणबाई विश्रामबागेतल्या आपल्या बैठ्या घराच्या पायरीवर उभ्या राहून माझी तपासणी बघत होत्या. आवटी बाई. प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंचीला पाच फूटही नसतील, पण आवाज अजून शाळेच्या पटांगणावरचा. आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा त्यांनी 'या बसा' म्हणायच्या आधी विचारलं होतं, "चालवणार कोण?"

"ही," श्रीरंग म्हणाला होता. "मी कारखान्याच्या बसनं जातो."

"बरं," त्या म्हणाल्या होत्या आणि तेव्हापासून माझ्याकडेच बघत होत्या.

"किती प्रश्न झाले गं?" आता त्यांनी विचारलं.

मी वही बघितली. "एकोणीस."

"आहेत किती?"

"एकतीस."

"माझ्या शाळेत असतीस तर तुला मॉनिटर केलं असतं. आणि आख्ख्या वर्गानं तुझ्याशी कट्टी केली असती. विचार पुढचा."

"गाडी कधी कुठं धडकली होती?"

"दोनदा. एकदा रिक्षावाल्यानं मागून धडक दिली. एकदा मी, आमच्याच तुळशीवृंदावनाला. हे बघ, हे नवीन बांधलंय."

"सर्व्हिसिंग वेळेवर?"

"यांच्याकडे," त्यांनी गाडीखालच्या पायांकडे बोट केलं.

"काय?" मी आणि श्रीरंग एकदमच म्हणालो.

बशीरभाई सरपटत बाहेर आले. दाढीला ग्रीस लागलं होतं. "सांगून काय उपेग? मी सांगितलं असतं, तर वैनी म्हनल्या असत्या, हे बाईंचे दलाल हायत. म्हनलं, आधी तपासू देत. सात वर्सं ही गाडी मीच सांभाळतोय वैनी. हिच्यातला हरेक नट मला नावानं वळखतो."

"मग आता खाली काय बघत होता?"

"काय न्हाई. सावली चांगली हाय."

श्रीरंग इतका हसला की मनू दचकून रडायला लागली. मला हसू येईना. माझ्या वहीतले एकवीस प्रश्न संपले होते आणि एकही कारण सापडलं नव्हतं. चकरा मारून झाल्या होत्या. आधी बशीरभाईंनी चालवली, मग श्रीरंगनं. दोन्ही वेळा मी मागं मनूला घेऊन, कान लावून बसले होते. डाव्या मागच्या दाराची थोडी कुरकुर होती, बस. टायर चांगले. कागद स्वच्छ. किंमतही आमच्या हिशेबात बसणारी.

"विकताय कशासाठी?" मी शेवटचा, ठेवणीतला प्रश्न काढला.

"काचबिंदू," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, समोरचं दिसेल पण कडेचं जाईल. आता सांग, समोरचं बघायला गाडी कशाला लागते? गाडीला सगळं कडेचंच."

त्या हे भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या. मी पुढचं दार उघडलं, डाव्या बाजूचं, आणि काच तपासायला लागले.

आणि मला सापडलं.

पुढच्या काचेच्या खालच्या कडेला, साधारण मधोमध, आतून एक मरून रंगाचा ठिपका चिकटवलेला होता. उन्हानं विटलेला. शेजारी त्याच्यासारख्याच आधीच्या कितीतरी ठिपक्यांचे डिंकाचे डाग. माझ्या वहीत प्रश्न क्रमांक सव्वीसच होता: काचेचा तडा नेहमी कडेपासून सुरू होतो, तो झाकलेला नाही ना बघणे. मी श्वास रोखून नखानं तो ठिपका खरवडायला घेतला. जुना होता, चिवट होता. तुकड्या-तुकड्यानं निघाला. खाली काच होती. स्वच्छ, सलग, बिनतडा.

मी मान वर केली, तर बाई काचेच्या पलीकडून, बॉनेटपाशी उभ्या राहून माझ्या बोटाकडे बघत होत्या.

"खरवडलीस?"

"मला वाटलं, खाली तडा आहे."

श्रीरंगनं मनूला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. बशीरभाईंनी चक्क टोपी काढून हातात घेतली.

"ती टिकली होती गं," बाई म्हणाल्या. "माझं डावं चाक."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! इकडं उजवीकडं बसल्यावर डावं चाक कुठं चाललंय ते दिसतं का? नाही दिसत. गटारात गेल्यावर कळतं. पण सीटवर नीट बसून बघितलं, तर काचेवर एक जागा असते. ती जागा रस्त्याच्या कडेवर ठेवली, की डावं चाक कडेवर. मला यांनीच शिकवलं," त्यांनी बशीरभाईंकडे मान उडवली. "हे म्हणाले, बाई, तिथं खडूनं खूण करा. खडू पुसला जायचा. घरात टिकल्यांची तीन पाकिटं पडून होती. आमचे हे गेले त्याच वर्षी आणलेली. कपाळाला लावायच्या मी बंद केल्या होत्या. म्हटलं, कुणाच्या तरी कामी येऊ देत."

मनूनं तेवढ्यात बशीरभाईंची टोपी घेतली.

"शेवटची होती ती," बाई म्हणाल्या आणि एकदम त्यांना हसू फुटलं. खुदूखुदू नाही, चांगलं खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढं ऊन खाल्लं, निघाली नाही. या मॉनिटरनं काढली! टिकली खरवडल्याचे शंभर रुपये जादा लावणार हं मी."

"बाई, मला माफ करा, मी खरंच..."

"माफी राहू दे. मला एक सांग." त्या दाराशी आल्या आणि वाकून, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "तासभर झाला. मागं बसलीस, डिकीत डोकं घातलंस, आता इकडून चढलीस. ड्रायव्हरच्या जागेवर एकदाही बसली नाहीस. का गं?"

माझ्या मांडीवरची वही मी मिटली.

लायसन्स होतं माझ्याकडे. लग्नाआधी काढलेलं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, वेगळा क्लच होता, आणि एकवीस दिवस ती गाडी मी चालवली की त्यांनी, हे मला कधीच कळलं नाही. लग्न ठरताना श्रीरंग कौतुकानं म्हणाला, "तुला गाडी येते?" आणि मी म्हणाले, "येते की." ते 'येते की' मग घरभर झालं. आणि आता मागच्या सीटवर मनू, पुढं एकटी मी, आणि बाजूला ब्रेकवर पाय ठेवून कुणीही नाही, हे चित्र रोज पहाटे डोळ्यांसमोर यायचं. अकरा गाड्यांपैकी बुडालेली एकच होती. बाकीच्या दहा मी बुडवल्या होत्या.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, तेही एका अनोळखी बाईशी, पण बोलल्यावर बरं वाटलं.

"वाटायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी बावन्नाव्या वर्षी शिकले. तुळशीला विचार." मग सरळ होऊन पटांगणावरच्या आवाजात, "जावईबापू! पोरीला घेऊन आत जा. टेबलावर पन्हं झाकून ठेवलंय. बशीरभाई, तुम्हीही. मी हिला गाडी दाखवून आणते."

"मी येतो ना," श्रीरंग म्हणाला.

"तुम्ही आलात की ती तुमच्याकडे बघणार. आत जा."

तो गेला. जाताना वळून माझ्याकडे बघत गेला. मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट इतकी पुढं होती की गुडघे स्टीअरिंगला लागले. ती मागं सरकवली, आरसे फिरवले, आणि हात स्टीअरिंगवर ठेवले ते ओले होते.

बाई डावीकडं बसल्या. "फाटकाबाहेर फरशीची कड आहे बघ, सरळ रेघेत. गाडी तिथंच लावलेली आहे, डावं चाक बरोबर कडेवर. आता ताठ बस. ती कड काचेला कुठं लागते?"

"थोडं इकडं."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "इथं?"

"नाही. अजून माझ्याकडं."

"इथं?"

"जास्त झालं. हां. तिथं!"

"बघ, माझ्या खुणेपासून दोन बोटं लांब. मी बुटकी, तू ताडमाड. माझी टिकली तुझ्या काय कामाची होती? चुकीचंच दाखवलं असतं तिनं तुला." बोट तसंच काचेवर ठेवून त्या म्हणाल्या, "लाव."

"काय?"

"टिकली. माझ्याकडच्या संपल्या. तुझ्या कपाळावर आहे की."

मी कपाळावरची टिकली काढली. छोटीशीच होती, काळी. त्यांच्या नखाशेजारी दाबून बसवली.

"आता मी पेपर वाचते," बाई म्हणाल्या. त्यांनी खरोखरच पायाशी पडलेला पेपर उचलून तोंडासमोर धरला. "तू चालव. मला विचारू नकोस. मला काही दिसत नाही."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा उडी मारून निघाली. पेपर हलला नाही. पहिल्याच गिअरमध्ये मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, इंजिन माझ्यावर ओरडत होतं. "ते दुसरा मागतंय," पेपराआडून आवाज आला. मी दुसरा टाकला.

वळल्यावर उजव्या हाताला एक टेम्पो उभा होता, हळदीची पोती उतरवत होते, आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन मधूनच आडवे जात होते. डाव्या हाताला उघडं गटार. मधे एका गाडीपुरती जागा, किंवा तेवढीही नाही. मी ब्रेकवर पाय दाबला.

"बाई, टेम्पो आहे."

"असेल."

"डावीकडं गटार आहे."

"ते सात वर्षांपासून आहे."

"जाईल का यातून?"

"मला कशाला विचारतेस? तिला विचार."

मी काळ्या टिकलीकडं बघितलं. गटाराची कड तिच्या डावीकडं होती, दोन बोटांवर. म्हणजे चाक आत होतं. म्हणजे जागा होती. मी क्लच सोडला. टिकली गटाराच्या कडेशी आली, कडेला चिकटून चालली, पण ओलांडली नाही. उजवीकडचा आरसा टेम्पोच्या फळीपासून इतका जवळून गेला की हळदीचा वास गाडीत भरला. एक हमाल थांबून आमच्याकडे बघत म्हणाला, "येऊ द्या मावशी, येऊ द्या." मला कुणी पहिल्यांदाच मावशी म्हटलं होतं आणि मला त्याचा रागही आला नाही.

पुढं गणपतीच्या देवळाला वळसा घालून आम्ही परत आलो. टेम्पो गेला होता, याचं मला चक्क वाईट वाटलं. फाटकाशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि मगच माझं लक्ष गेलं. बाईंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो पायरीवर, पन्ह्याच्या पेल्याशेजारी पडला होता.

"काय वाचत होतात?" मी विचारलं.

"तुझा श्वास," त्या म्हणाल्या आणि पेपराची घडी घातली. "टेम्पोपर्यंत तू घेतलाच नव्हतास."

श्रीरंग, मनू आणि बशीरभाई दारात रांगेत उभे होते. तिघांच्याही ओठांवर पन्ह्याच्या मिशा होत्या.

"कशी आहे?" श्रीरंगनं विचारलं, पण त्याच्या आवाजात आशा नव्हती. त्याला तेराव्या गाडीची तयारी करायची सवय झाली होती.

"डाव्या मागच्या दाराची कुरकुर आहे," मी म्हणाले.

त्याचे खांदे पडले.

"तेवढी बशीरभाई काढतील," मी म्हणाले. "बाकी घेऊन टाकू."

बशीरभाईंनी मनूच्या डोक्यावरची आपली टोपी काढून घातली. "वैनी, आठ-धा प्रश्न राहिलेत. वहीला वाईट वाटंल."

घरी मीच चालवत आणली. श्रीरंग बाजूला बसून पूर्ण वेळ उजवा पाय दाबत होता, तिथं ब्रेक नसतानाही. रात्री मी त्याला 'येते की'ची खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं. सासरेबुवांनी लग्नातच सांगितलेलं. मला वाटलं, तू कधीतरी स्वतःच सांगशील."

पण ते रात्री. त्याआधी दारात सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गाडीवरून ओवाळून झालं आणि माझ्याकडे बघून त्या थबकल्या.

"कपाळ मोकळं का गं? नव्या गाडीच्या दिवशी?"

"आई, ती टिकली गाडीला लावली तिनं," श्रीरंग म्हणाला.

त्यांनी वाकून काचेतून बघितलं. "मधोमध? ही काय लावायची जागा झाली?"

मी सांगितलं. टेम्पो, गटार, आवटी बाई, उरलेली पाकिटं, सगळं. सासूबाई ऐकत होत्या आणि तांब्यातलं पाणी उगीचच चाकावर ओतत होत्या. मग आत गेल्या आणि टिकल्यांचं एक नवं पाकीट आणून त्यांनी गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकलं.

"उन्हानं गळतात," एवढंच म्हणाल्या. मग पुढचं दार उघडून, गुडघ्यांची तक्रार न करता, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. "चल. बारा गाड्या बघितल्यास तू. मला एकीत तरी बसू दे."

ती गाडी आमच्याकडे अकरा वर्षं राहिली. मनू कवठे एकंदच्या मळ्यात वाढली, शाळेत गेली, पुढच्या सीटवर बसायला लागली. आवटी बाईंना आम्ही दर दिवाळीला भेटायचो. त्या गाडीजवळ येऊन काचेवरून बोट फिरवायच्या, टिकली जागेवर आहे ना बघायच्या. शेवटच्या दोन वर्षांत बोटानंच बघायच्या.

गाडी विकायला काढली तेव्हा पहिल्याच रविवारी एक जोडपं आलं. मुलगा टायर बघत होता. मुलगी माझ्यासारखीच वही घेऊन आली होती, आणि डाव्या दारानं आत शिरून पुढच्या काचेकडे टक लावून बघत होती. मग तिनं नख पुढं केलं.

"मॅडम, इथं काच तडकलीय का?"

"थांब, खरवडू नकोस," मी म्हणाले. "आधी मला सांग, चालवणार कोण?"